बसऱ्यापासून पुढचे मैल

"मास्तर, पोचला आसंल का त्यो?" धोंडाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. त्यांच्या मागे घरभर आठ दिवसांचा केर होता.

माणूस लांबच्या वाटेला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांचा एकुलता एक कुंडलिक रजा संपवून लढाईवर परतत होता. मागच्या खेपेला तो बोटीने गेला, तेव्हा पत्र येईपर्यंत दीड महिना केर तसाच होता. या वेळी पलटणीचा साहेब त्याला बुधवारी सकाळी कराचीहून विमानाने कैरोला नेणार होता.

मी विंझरचा शाळामास्तर, टपालही माझ्याकडेच. हिशेबाची मला भारी घमेंड. नकाशावर दोरा लावला, बावीसशे मैल भरले. तासाला दीडशे धरले.

"पंधरा तास. आज गुरुवार उजाडला, म्हणजे काल रात्रीच पोचला. खुशाल झाडा."

त्यांनी केरसुणी घेतली आणि मध्येच थांबल्या.

"मास्तर, काय तरी घुमतंय."

आभाळ मोकळं होतं. मी हसलो, आणि मग मलाही ऐकू आलं, बारीक, एकसारखं. केर दाराबाहेर पडला तसं ते बंद झालं.

आठवड्याने तार आली. विमान रात्री उडत नाही, वाटेत बसऱ्याला मुक्काम करतं, हे मला अडाण्याला ठाऊकच नव्हतं. गुरुवारी सकाळी ते तिथून निघालं आणि बेपत्ता झालं. हे त्यांना माझ्याच तोंडाने वाचून दाखवावं लागलं.

धोंडाबाई रडल्या नाहीत. "बेपत्ता म्हंजी आजून वाटंत हाय. किती मैल ऱ्हायलं?"

मागे त्यांची सून रतन उभी होती, विशीतली, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिला सगळं कळलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"हजार," मी म्हणालो.

तेव्हापासून त्या रोज शाळेच्या दारात येतात. मी रोज दहा मैल कमी करत गेलो. त्या मान हलवायच्या, "व्हय, इमानाचा आवाज जवळ आलाय," म्हणायच्या. शंभर उरले तेव्हा सहज बोलल्या, "पोचून बी कागद न्हाई आला, तर मग रतनचं कुंकू पुसायचं, मास्तर."

त्या दिवसापासून मी रोज एकच मैल कमी करू लागलो. पुढे मैलाचे फर्लांग केले, फर्लांगाचे यार्ड. आता तो आवाज मला वर्गातही येतो. पोरं पाढे म्हणत असतात, त्यांना काही ऐकू येत नाही. मला शिकवणं सुधरत नाही.

"आज किती, मास्तर?" आज त्यांनी विचारलं.

"बारा यार्ड."

"लई जवळ आला की."

रतन हंडा घेऊन ओढ्याकडे निघाली होती. माझं उत्तर ऐकेपर्यंत वाटेत थांबली, मग गेली. उद्यापासून मी यार्डाचे फूट करणार आहे.