सिंहाचे तोंड मिटणारी बाई

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. पण माझ्याशी कोणी कधी खेळले नाही. भविष्य सांगण्यासाठी विलायतेत छापलेल्या पत्त्यांच्या जोडातला मी. माझ्यावर पांढऱ्या झग्यातली एक बाई आहे. तिच्या कमरेला फुलांची माळ आहे, डोक्यावर आडव्या इंग्रजी आठासारखी खूण आहे, आणि ती नुसत्या हातांनी सिंहाचे तोंड मिटते आहे. जवळ ना काठी, ना साखळी.

हुबळीच्या रेल्वे वसाहतीत इंजिन ड्रायव्हरची बायको, डिक्रूझबाई, माझी मालकीण होती. तिचे कपडे अनसूया शिवून देई. अनसूया तरुण विधवा. घरी फक्त सासरे, बाळाचार्य. ते पत्रिका मांडून देत.

एकदा अनसूयेने मला उचलून विचारले, "ही कोणती देवी?"

"देवी नाही. हिचं नाव बळ," डिक्रूझबाई म्हणाली. "रास सिंह, ग्रह सूर्य. पण बळ सिंहाचं नव्हे हं, बाईचं. ती त्याला मारत नाही आणि सोडतही नाही."

१९३४ साली ड्रायव्हरची बदली झाली. जाताना डिक्रूझबाईने मला अनसूयेला दिले.

अनसूयेला धारवाडला ट्रेनिंग घेऊन शिक्षिका व्हायचे होते. विषय निघाला की आचार्य कडाडत, "तुझे ग्रह बरे नाहीत. घर सोडायचं नाही!" एका सकाळी शिवणाच्या डब्यात मी त्यांना सापडलो. अनसूयेने माझा अर्थ सांगितला.

"म्हणजे मी जनावर आणि तू देवी, होय?" असे म्हणत त्यांनी मला मधोमध फाडले.

अनसूया भांडली नाही. तिने तुकडे उचलून ठेवले आणि चुलीकडे गेली.

थंडीत आचार्यांचा गुडघा सुजला. उठता येईना. अनसूया माळावरून रुईची पाने आणी, तेल लावून तव्यावर शेके आणि गुडघ्यावर बांधी. सूज हळूहळू उतरू लागली.

"रुई रवीची," आचार्य पुटपुटले. "आणि रवी सिंहेचा स्वामी. तुझ्या त्या पत्त्याचंच औषध म्हण की."

"होय की, मामंजी. पण मी ट्रेनिंगला जाणार आहे," अनसूया म्हणाली. तिचे हात पट्टी बांधतच होते.

आचार्यांनी पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुझ्या ग्रहांना काही झालेलं नाही. खोटं बोललो मी. एकट्यानं या घरात राहायची भीती वाटते गं."

"हे आधी सांगायचं नाही का? दोघंही जाऊ. धारवाडात केलगेरीच्या बाजूला खोली बघते."

त्यांनी चिकटवायला पिठाची खळ करायला सांगितली आणि मला स्वतः जोडले. जोड जरा चुकला. बाई सिंहाची हनुवटी कुरवाळते आहे, असे आता दिसते.

पुढे ट्रेनिंग संपवून अनसूया कलघटगी गावच्या शाळेत लागली. आचार्य कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या मास्तरीणबाई आत्ता येतील."

मित्रांनो, फाटलेले लगेच टाकू नका. थोड्या खळीने ते पुष्कळ वर्षे टिकते. आणि घरात कोणी सारखे ओरडत असेल, तर त्याला कशाची भीती वाटते ते एकदा जवळ बसून विचारा. मात्र तेवढ्यासाठी आपले जाणे सोडू नका.