इझोबेलचं पाणी

वाकून पाहू नका, आत पाणी नाही. मागच्या सुगीच्या सणातल्या वाळक्या ओंब्या आहेत, आणि वर फळी टाकून मधाच्या बरण्या मांडल्यात विकायला. त्या फळीखालचा दगड बोलतोय मी. बाप्तिस्म्याचं कुंड म्हणतात मला.

यॉर्कशरच्या या डोंगरातून मला काढलं, त्याला आठ-नऊशे वर्षं झाली असतील. पाथरवटाला माझ्या पोटावर सिंह कोरायचा होता. पण सिंह त्याने बापजन्मात पाहिला नव्हता, म्हणून आयाळ लावलेलं एक मेंढरू तिथे अजून खुशीत उभं आहे. गावातलं प्रत्येक पोर माझ्यापाशी यायचं, डोक्यावर पाणी पडलं की टाहो फोडायचं, आणि बायका खूश व्हायच्या. पोर रडलं म्हणजे सैतान बाहेर पडला! न रडणाऱ्याला आज्या हळूच चिमटा काढत. असे किती चिमटे पाहिलेत मी.

पण मला सांगायचंय ते एवढं गमतीचं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी दोन पोरं आली. एक पाणचक्कीवाल्याचा रॉल्फ, लोण्याच्या गोळ्यासारखा. दुसरी एका मेंढपाळाची लेक, नुकती जन्मलेली, ओठ निळसर. तिची आई जेनेट घरीच होती; बाळंतिणीने महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही, ही इथली रीत. पोरीला आणलं होतं तिच्या आजीने, डॉरिटीने. नाव ठरलं होतं, इझोबेल.

रॉल्फचा धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला पोराच्या वतीने शपथ घेणारा, काही येईना. नदीला पूर होता आणि तो पलीकडे अडकला होता. पाद्रीबाबांनी आजीच्या हातातल्या दुपट्याकडे पाहिलं.

"डॉरिटी, हिलाच आधी घेऊ या. पोर काही ठीक दिसत नाही."

"भलतंच काय, पाद्रीबाबा! मुलाच्या आधी मुलीला पाणी लागलं तर त्याची दाढी हिला येते. मग करील कोण हिच्याशी लग्न?"

"आणि आमच्या रॉल्फने काय जन्मभर बायकी हनुवटी घेऊन हिंडायचं?" चक्कीवाल्याची आई कडाडली. "थांबा की जरा!"

"दाढीबिढी काही नसतं गं बायांनो."

"तुम्हाला ना पोर ना बाळ. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

सगळे हसले. पाद्रीबाबाही हसले आणि थांबले. भिडस्त माणूस. मी काठोकाठ भरलेला होतो आणि पोरीचं डोकं माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. पण दगडाला कुठे हात असतात?

धर्मपिता आला तेव्हा त्याच्या बुटांतून पाणी गळत होतं. रॉल्फला पाणी लागलं आणि त्याने चर्च डोक्यावर घेतलं. मग आजीने दुपटं बाजूला सारलं.

"इझोबेल," ती म्हणाली. "अगं, झोपलीस काय? रड की आता."

तिने चिमटा काढला. मग पुन्हा काढला.

मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. पाद्रीबाबांनी माझ्या पाण्यात घातलेला हात बाहेर काढला आणि झग्याला पुसला.

बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून प्रार्थना नाही. जीव दिलेले आणि वाटेवर सापडलेले अनोळखी लोक उत्तरेच्या भिंतीमागे पुरत, तिथेच तिला पुरली. जेनेटने सासूशी बोलणं टाकलं. दोघी एका चुलीवर रांधायच्या, एका ताटलीतून पाव तोडायच्या, पण शब्द म्हणून नाही.

एकदा डॉरिटी वाडगा घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा माझ्या झाकणाला कुलूप असे. चेटकिणी पाणी पळवतात, अशी सगळ्यांची खात्री होती. किल्लीवाला म्हणाला, "म्हातारे, मातीवर पाणी ओतून पोर ख्रिस्ती होत नसतं. जा घरी." ती रिकामा वाडगा घेऊन गेली. मी आत भरलेला होतो. त्या दिवसाएवढी लाज मला कधीच वाटली नाही.

वर्षं गेली. देशात लढाई पेटली आणि नव्या कडक विचारांच्या लोकांनी ठरवलं, की कोरीव कुंड म्हणजे मूर्तिपूजा. मला दोर लावून बाहेर ओढलं. ओढणाऱ्यांत रॉल्फही होता, चांगला बाप्या झालेला, आणि हनुवटी अंड्यासारखी गुळगुळीत. एक केस नाही! याच दाढीसाठी आम्ही सगळे थांबलो होतो.

त्यांनी मला उत्तरेकडच्या गवतात फेकलं. मी तिरका पडलो. पाऊस आला, मी भरलो आणि एका बाजूने सांडू लागलो, नेमका इझोबेलला पुरलं होतं त्या लहानशा उंचवट्यावर.

डॉरिटीने ते पाहिलं. काठी टेकत आली तशी माघारी फिरली, आणि परत आली ती जेनेटचा हात धरून.

"बघ," म्हातारी म्हणाली. "आता कुलूप नाही."

जेनेट उंचवट्यापाशी गुडघ्यांवर बसली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली, "तुम्हीच घाला, आई. तुमच्या हातात होती ती."

डॉरिटीने ओंजळीने पाणी घातलं आणि नाव घेतलं. जेनेट मोठ्याने रडली. त्या बाप्तिस्म्यातलं रडायचं काम तिने केलं.

त्या दोघी गेल्यावरही दोनशे वर्षं मी तिथे सांडत राहिलो. माझं खरं आयुष्य तेच. मग एका हौशी पाद्र्याने मला शोधून काढलं, घासूनपुसून मोठ्या मानाने आत आणून बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणी विचारलं नाही.

आता पोरं येत नाहीत. छपरावर पाऊस वाजतो, तो फक्त ऐकतो.

मध घ्या, चांगला असतो म्हणे. मला बाहेर नेणं तुमच्याच्याने होणार नाही, तेही खरं. पण जाताना फाटकापाशी नळ आहे. ओंजळभर पाणी उत्तरेच्या भिंतीमागे घाला आणि मोठ्याने नाव घ्या. रॉल्फच्या नावाचा दगड दक्षिणेच्या उन्हात उभा आहे. तिचं नाव इथे एकट्या मलाच ठाऊक होतं, म्हणून तुम्हाला सांगितलं.