पडद्यामागचे पाणी

गाउनच्या नाड्या इतक्या लांब होत्या, की घड्याळजीने त्या आपल्या मुलीच्या पोटाभोवती दोनदा फिरवल्या आणि पुढे आणून बांधल्या. गाउन मोठ्या माणसाचा नव्हता, लहान मुलांसाठीचाच होता. पण खारू तिच्या पाच वर्षांच्या मानाने जरा बारीकच होती.

"जास्त आवळलं का गं?" त्याने विचारले.

"हो."

त्याने गाठ सैल केली. "आता बरं वाटतंय?"

"हो," ती म्हणाली.

नर्स आली. तिच्या तोंडावर मास्क होता आणि हातात कापडी टोप्या होत्या. मुलीने सकाळपासून काही खाल्लेले नाही ना, हे तिने बापाला विचारून घेतले. मग ती खाली वाकली आणि लाडाने म्हणाली, "कुठल्या रंगाची टोपी देऊ तुला?"

"हो," खारू म्हणाली.

नर्स हसली. "घाबरलीय बिचारी."

"घाबरलेली नाही," घड्याळजी म्हणाला. "मास्क जरा खाली करून विचारा. तोंड दिसलं की तिला कळतं."

नर्सने मास्क हनुवटीखाली ओढला आणि पुन्हा विचारले. खारू तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "पिवळ्या."

तिचे खरे नाव शाळेच्या हजेरीपटात होते. घरी दारी ती खारूच होती, कारण घास गालात कोंबून ठेवायची तिला तान्हेपणापासून सवय. आई तिला भरवायला बसली की अर्धा तास मोडायचा. अलीकडे मात्र ती मुकाट्याने जेवत असे. अलीकडे ती सगळेच मुकाट्याने करत असे.

वर्षभर घरात एकच तक्रार होती, मुलगी ऐकत नाही. चप्पल घाल म्हटले तरी बसून राहायची, हाक मारली तरी वळायची नाही. "या कानानं ऐकते आणि त्या कानानं सोडून देते," हे घड्याळजीचे ठरलेले वाक्य होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते हसत सांगायचा. मग मधेच केव्हातरी ती सुधारली. काहीही म्हणा, हो म्हणायची. सांगितलेले काम मात्र दहातले चारच व्हायचे. त्यावरून तो एकदा तिच्यावर इतका ओरडला होता, की शेजारच्या बेकरीवाल्याने दुकानात डोकावून बघितले होते.

दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या बाईंनी वहीत लिहून पाठवले, 'लक्ष नसते. एकदा कान तपासून घ्यावेत.' घड्याळजीला ते पटले नाही. त्या संध्याकाळी खारू दुकानात त्याच्याजवळ स्टुलावर बसली होती. त्याने खणातून एक जुने, जाड खिशातले घड्याळ काढले. त्याची टिकटिक टेबलापलीकडच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जायची. ते त्याने तिच्या कानाला लावले.

"ऐकू येतंय?"

"हो," ती लगेच म्हणाली.

तो निश्चिंत झाला. घड्याळ परत खणात ठेवताना त्याची नजर तबकडीवर गेली. सेकंदकाटा जागचा हलत नव्हता. त्या घड्याळाला कित्येक दिवसांत कुणी किल्लीच दिली नव्हती.

पुढचे सगळे डॉक्टरांनी समजावून सांगितले. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले होते, डिंकासारखे घट्ट, दोन्हीकडे. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरच्या माणसांचे बोलणे जसे ऐकू येते, तसे तिला ऐकू येत होते. मोठा आवाज पोहोचतो, हळू बोललेले विरते. पडद्याला बारीक छेद द्यायचा, पाणी ओढून घ्यायचे आणि छेद बुजू नये म्हणून एक नळी बसवायची. डॉक्टरीणबाईंनी ती नळी दाखवली, तेव्हा घड्याळजीचा हात आपसूक डोळ्याकडे गेला होता, जिथे दुकानात भिंग असते. तिळाएवढी नळी होती ती. एवढ्या लहान वस्तूंशी तर त्याचा रोजचा संबंध होता. तरी ती हातात घ्यायला तो धजला नाही.

आज तो एकटाच आला होता. घरी तीन महिन्यांचे बाळ होते, त्यामुळे खारूच्या आईला निघता आले नव्हते. मूल झोपेपर्यंत एकाने आत थांबायला हरकत नाही, असे नर्स म्हणाली. त्यालाही टोपी आणि मास्क चढवला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खारूच्या नाका-तोंडावर मऊ रबराचा पेला धरला. घड्याळजीने आपला मास्क खाली केला आणि तिच्यावर वाकला.

"मी बाहेरच आहे. तू उठलीस की लगेच येतो," तो म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. 'मी बाहेरच' इथपर्यंत तिचे डोळे उघडे होते.

बाहेर बाकावर तो बसला. भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे होते. हे त्याने न ठरवता पाहून घेतले. वीस मिनिटांचे काम, असे डॉक्टरांनी सांगितले होते. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसल्या बसल्या डुलकी घेत होते. त्यांची काठी घसरून खाली पडली. मोठा आवाज झाला, त्यांना जाग आली नाही. घड्याळजीने उठून काठी बाकाला टेकवून ठेवली आणि तो पुन्हा जागेवर येऊन बसला.

त्या हो म्हणण्याचा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. किती गोष्टींना तिने हो म्हटले असेल, ते तो आठवू लागला. बाळ होणार आहे, हो. बाळाला सर्दीचे हात लावायचे नाहीत, हो. शाळेत कुणी त्रास देते का, यालाही हो म्हणाली होती, आणि त्याने शाळेत जाऊन विचारले तेव्हा तसे काहीच नव्हते. त्या वेळी त्याला हसू आले होते.

मग त्याला दुकानातली ती दुपार आठवली. पाच महिने झाले होते.

त्याचे वडील शेजारच्या गावी राहायचे आणि दर रविवारी बसने यायचे. एका गुरुवारी पहाटे ते झोपेतच गेले. सगळे उरकून घड्याळजी चार दिवसांनी दुकानात आला. खारूला तोवर शेजाऱ्यांकडे ठेवले होते. तिला आपणच सांगायचे, असे त्याने ठरवले होते. तिला समोर बसवून त्याने एक घड्याळ उघडले आणि त्यात मान घातली, कारण वर बघून ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते. "आजोबा गेले, बाळा. आता ते यायचे नाहीत." आवाज जेमतेम फुटला.

"हो," खारू म्हणाली होती, आणि स्टुलावरून उतरून बाहेर खेळायला गेली होती.

किती समजूतदार पोर आहे, असे सगळ्यांनी म्हटले होते. त्यानेही.

तो उठला, जिन्याजवळ गेला आणि त्याने घरी फोन लावला.

"झालं का?" बायकोने पहिल्याच घंटीला उचलला होता.

"नाही अजून. ऐक, आजोबांचं आपण तिला सांगितलं, ते—"

"तू सांगितलंस की. दुकानात."

"मी मान खाली घालून बोललो होतो."

पलीकडे बाळ कुरकुरत होते. बायकोच्या ध्यानात आले असावे, कारण बोलली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"पण ती हो म्हणाली होती ना?"

"हो."

"अरे देवा." मग ती म्हणाली, "त्यांच्याबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही रे. मला वाटलं, विसरली. लहान आहे."

"काय करू?"

"आज काही बोलू नकोस. आज तिला बरं नसेल. घरी आल्यावर दोघं मिळून सांगू."

त्याला ते पटले. फोन खिशात ठेवून तो वळला, तेव्हा डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. सगळे व्यवस्थित झाले होते. "बरंच घट्ट होतं हो," त्या म्हणाल्या. "पोरीनं दिवस कसे काढले असतील कोण जाणे. आता आवाज एकदम मोठे वाटतील तिला. हळू बोला."

खारू शुद्धीवर आली ती रडतच. कुणावर रागावल्यासारखे, हातपाय झाडत ती दहा मिनिटे रडली. नर्स म्हणाली की भुलीनंतर असे होते. घड्याळजी पलंगाच्या कडेला बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. हळूहळू ती निवली. मग तिने डोळे बारीक केले आणि चादरीवरून बोट फिरवले. एकदा फिरवले, थांबली, पुन्हा फिरवले.

"चादर वाजते," ती म्हणाली.

"वाजते खरी."

"तुझ्या नाकातूनपण आवाज येतो."

"श्वासाचा आहे तो."

तिने बराच वेळ त्याच्या नाकाकडे लक्ष दिले. पडद्यापलीकडे कुणीतरी स्टीलचा ट्रे ठेवला, तशी ती दचकली आणि त्याचा अंगठा मुठीत धरला. तासभराने नर्सने तिला थोडे पाणी आणि दोन बिस्किटे दिली. खारूने एक बिस्कीट गालात कोंबले आणि आपलेच चावणे ऐकत बसली.

घरी जायला अजून तासभर होता. आज काही बोलायचे नाही, असे ठरले होते. घड्याळजीने खिडकीबाहेर बघितले, तिच्या अंगावरची चादर सारखी केली, बिस्किटाचा चुरा गोळा केला. वर न बघता, अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच तो म्हणाला, "खारू."

"काय?"

त्याचे ओठ न बघता तिने विचारलेला तो 'काय' त्याला वर्षभरात पहिल्यांदा ऐकू येत होता. त्याने मान वर केली.

"आजोबांचं तुला मी सांगितलं होतं ना? दुकानात?"

"हो."

इथे थांबता आले असते.

"काय सांगितलं होतं मी?"

तिने चादरीकडे बघितले. तिचे चावणे थांबले.

"येणार नाहीत म्हणून," ती म्हणाली.

"का येणार नाहीत?"

"रागावून गेले."

"कुणावर?"

"माझ्यावर. मी ऐकत नाही म्हणून." तिने घास गिळला. "पण आता मी सगळ्यांना हो म्हणते. आईला विचार हवं तर. सगळ्यांना म्हणते."

घड्याळजीचा हात चादरीवर होता तिथेच राहिला. शेवटच्या रविवारी वडील निघताना दारातून तिला हाका मारत होते, हे त्याला आठवले. खारू अंगणात पाठमोरी बसून डबीत माती भरत होती. तीन हाका मारून ते बससाठी चालू लागले होते. कोपऱ्यावर पोहोचले, तेव्हा कुठे तिने वळून बघितले होते.

तो पलंगावर सरकला आणि तिच्या अगदी समोर बसला.

"ते रागावले नव्हते. तू वळली नाहीस ना, तेव्हा ते मला काय म्हणाले माहितेय? म्हणाले, राहू दे, रंगलीय खेळात, हलवू नकोस तिला. आणि हसले."

"मग का गेले?"

'गेले' हा शब्द त्यानेच तिला दिला होता. त्याने दुसरा शोधला. काळीज बंद पडले, असे त्याच्या ओठांवर आले होते, ते त्याने मागे घेतले; बंद पडलेले सगळे बाबा सुरू करतो, हे तिला पक्के ठाऊक होते.

"ते वारले, खारू. मेले. फार म्हातारे झाले होते, झोपेत मेले. तुझ्यामुळे नाही. कुणामुळेच नाही. तू कितीही हो म्हणालीस, कितीही नाही म्हणालीस, तरी ते येणार नाहीत. त्यांना येताच येणार नाही."

ती त्याच्या ओठांकडे बघत नव्हती. डोळ्यांकडे बघत होती.

"मला हाक नाही मारणार?"

"नाही, बाळा."

तिचा चेहरा आधी कोरा राहिला. मग खालचा ओठ बाहेर आला आणि ती रडू लागली. मघासारखे हातपाय झाडून नाही. त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून, दबक्या आवाजात, मोठी माणसे रडतात तशी. त्याने तिला मांडीवर घेतले. कापसाचे बोळे लावलेले तिचे कान त्याने हलक्या हाताने सांभाळले आणि आपली हनुवटी तिच्या पिवळ्या टोपीवर टेकवली. पाच महिन्यांत तो स्वतःही नीट रडला नव्हता.

पडदा बाजूला सारून नर्स आत आली.

"काय झालं? कान दुखतोय का?"

"नाही," घड्याळजी म्हणाला. "तिचे आजोबा वारले."

"अरेरे." नर्सने मास्क खाली केला. "कधी?"

त्याने मुलीला आणखी जवळ घेतले.

"आत्ताच," तो म्हणाला.