पाणमांजराची शीळ

समोर नवं पार्लर झालं आणि झिपऱ्याच्या सलूनमधल्या खुर्च्या ओस पडल्या. अशातच जंगलातल्या ओढ्यावरून धरलेलं पाणमांजराचं पिल्लू त्यानं एकाकडून विकत घेतलं, आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. पिल्लू टबात बसून शीळ घालायचं. गिऱ्हाइकं मोबाइलवर टिपायची.

बायकोला मात्र ते बघवेना. "अहो, ते काही खात नाही. गावाचे केस कापता, आणि घरातल्या जिवाचे गळताहेत ते दिसत नाहीत?"

शेवटी तीच पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाली. झिपऱ्या कुरकुरत मागून गेला.

टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू तिथंही शीळ घालू लागलं.

"कसं गातंय बघा," झिपऱ्या कौतुकानं म्हणाला.

"गात नाही, आईला हाक मारतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणमांजरं कुटुंब करून राहतात. कुणी चुकलं की अशी हाक देतं, आणि पलीकडून ओ येते."

"आई एव्हाना विसरली असेल."

"आई पिल्लू सोडत नाही हो. म्हणून पिल्लू धरणारे बहुतेक वेळा आधी तिलाच मारतात."

झिपऱ्याचा आवाज खाली आला. "मी नसतं घेतलं, तर दुसऱ्यानं घेतलं असतं."

"प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून धरणारा पुन्हा जंगलात जातो. तुम्हाला कुणी विचारलं का, असं पिल्लू कुठं मिळतं?"

रोज कुणी ना कुणी विचारत होतं. आणि तो फुशारकीनं पत्ता सांगत होता!

त्यानं तोच पत्ता वनखात्याला दिला, आणि पिल्लू प्राण्यांच्या आश्रयकेंद्रात नेऊन सोडलं. तिथल्या तळ्यात पाणमांजराची एक एकटी मादी होती. पिल्लानं शीळ घातली, तशी पाण्यातून तिनं ओ दिली. पिल्लू धडपडत काठाकडे धावलं. बायकोनं पदरानं डोळे टिपले. झिपऱ्या रिकाम्या टॉवेलाची घडी घालत राहिला.

दुकानातली गर्दी ओसरली. "पाणमांजर कुठाय?" असं कुणी विचारलं, की गालाला साबण लावता लावता झिपऱ्या सगळी हकिकत सांगतो. काही जण कंटाळून पार्लर गाठतात. पण परवा एक गिऱ्हाईक दाढी झाल्यावरही उठेना. मग हळूच म्हणालं, "मुलीसाठी एक पिल्लू सांगून ठेवलं होतं. आता नको म्हणतो."

मित्रहो, आपण हौसेनं एक पिल्लू घरी आणतो, तेव्हा जंगलातलं एक अख्खं घर मोडतं. रानातल्या जिवावर माया असेल, तर त्याला रानातच राहू द्यावं.