बोरीच्या तुपाची हद्द

दारव्ह्याच्या बाजारात गिऱ्हाइकं विमलताईंच्या डब्यातल्या तुपाचा वास घेत आणि विचारत, "तांड्यावरच्या बिजलीबाईचं हाय काय?" नाही म्हटलं की पुढे सरकत.

बोरी अरब गावचं तूप विमलताईंच्या सासूनं नावारूपाला आणलं होतं. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची बिजलीबाई कालपरवापर्यंत नुसतं दूध घालायची. आता तिचा डबा सगळ्यांच्या आधी रिकामा होई. विमलताईंना अन्न गोड लागेना.

"बोरीचं तूप हे नाव आपल्याच नावावर करून घ्या," त्या नवऱ्याच्या मागे लागल्या.

बबनराव त्यांना घेऊन यवतमाळला नानाजी वकिलांकडे गेले. वकील म्हणाले, "गावाचं नाव एकट्याचं होत नाही, बाई. पण मालावरच्या छापांचा नवा कायदा मागच्या वर्षी लागू झाला, त्यात एक वाट हाय. तूप न विकणाऱ्या माणसांचं मंडळ काढा. ते तूप तपासून शिक्का देईल. मंग डालडा मिसळून बोरीच्या नावानं विकणाऱ्याले कोर्टात खेचता येते. फक्त हद्द ठरवा. हद्दीतल्या चांगल्या तुपाले मात्र नाही म्हणता येणार नाही."

विमलताईंनी 'हद्द' तेवढी ऐकली.

चावडीवर बैठक भरली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. "हद्द नाल्यापर्यंत. तांडा म्हंजे बोरी नोहे."

दोघाचौघांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या बिजलीबाईनं ओढणी सावरली. "मंग बाई, तुमच्या म्हशी कुठं चरून राह्यल्या?"

नाल्याअलीकडे सगळा कापूस. गवत होतं ते नाल्यापलीकडेच. सरपंच नागोरावांनी तांडा धरून हद्द लिहायला सांगितली.

पुढे मंडळ निघालं, शिक्का मिळाला. दोघींच्या डब्यांवर एकच छाप आला, भेसळीचे डबे बाजारातून हटले, विमलताईंचा खपही वाढला. पण वास घेणारे वास घेतच होते, आणि बिजलीबाईकडे वळतच होते.

एका बाजारी बिजलीबाई पाणी प्यायला उठली. विमलताईंनी तिच्या डब्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. रवाळ, खमंग. मागे वळल्या तर बिजलीबाई उभी.

"काय टाकतं गं यात?" विमलताईंच्या तोंडून निघून गेलं.

"कढता कढता इड्याचं पान टाकतो, बाई. अन् आच मंद. या ना तांड्यावर, दाखवतो तुमाले."

तिनं काहीच लपवलं नाही. याचाच विमलताईंना जास्त राग आला. त्या दिवशी परतताना त्यांनी पानवाल्याकडून पानं घेतली, आणि बबनरावांनी "कायले?" विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खायले."