चारशे बारा आत, चारशे बारा बाहेर

भावोजींना पाण्यातून बाहेर आणायचं, एवढं एकच काम ताईने मला सांगितलं होतं. सायकलवरून पडले तर पडू देत, म्हणाली, धावताना दमले तर बसतील कुठेतरी सावलीला. पण पाण्यात बसता येत नाही. "तू त्यांच्या शेजारून हलायचं नाहीस. शब्द दे." मी दिला. शब्द द्यायला काय जातं!

आमच्या या खुळाला सगळं घर हसायचं, आणि हसण्यासारखंच होतं ते. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी, वय सेहेचाळीस. भावोजी लिफ्ट दुरुस्त करणारे, वय बावन्न. शिंगं मोडून वासरांत शिरलो होतो आम्ही. आधी दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर धावायचं, आणि मधे कुठे टेकायचं नाही. ताई म्हणायची, "एक काम धड होत नाही यांच्याकडून, आणि तीन एकदम करायला निघालेत." तरी पहाटे उठून आमच्या पाण्याच्या बाटल्या तीच भरून ठेवायची.

सायकल भावोजींची झकास. धावणं बरं. घोडं पेंड खायचं ते पाण्यात. पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकलेला माणूस. तरणतलावात साठ फेऱ्या मारायचे, पण तिथे तळाच्या फरश्या दिसतात आणि दमलं की कठडा धरता येतो. उघड्या तलावात त्यांना पहिल्यांदा सरावाला नेलं, तेव्हा बाहेर आल्यावर ते दहा मिनिटं खोकत होते. साधा खोकला नव्हता तो, आत काहीतरी खदखदल्यासारखा ओला आवाज येत होता. रुमालात थुंकले, घडी घातली, खिशात टाकला. "पाणी गेलं नाकात," म्हणाले. मी रुमाल बघितला होता. त्यावर गुलाबी फेस होता.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. शिवाय त्यांचे घोटे सुजायला लागले होते. मोजा काढला की त्याच्या रबराची खाच तशीच राहायची, बराच वेळ भरून यायची नाही.

"भावोजी, डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"शर्यत झाली की दाखवतो. आत्ता गेलो तर तो नकोच म्हणणार."

"मग मी ताईला सांगते."

"सांग की. उद्यापासून एकटी ये सरावाला."

आणि मी, मूर्ख बाई, गप्प बसले. एकटीने त्या काळ्या पाण्यात उतरायची मला किती भीती वाटते, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. ताई विचारायची, "कसे पोहतात गं आता?" मी म्हणायची, "माशासारखे." ती हसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

शर्यतीच्या दिवशी सकाळी तलावावर धुकं होतं. वारा अजिबात नाही. चारशे बारा माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या रबरी टोप्या, घरच्या माणसालाही आपलं माणूस ओळखता येऊ नये अशा. प्रत्येकाला घोट्यावर बांधायला एक पट्टी दिली होती. तिच्यात बटणाएवढी चिप. पाण्यातून बाहेर आलं की काठावरच्या रबरी चटईवरून जायचं, चटई 'पिक' करते आणि तुमची वेळ नोंदली जाते. कर्ण्यावरून एक बाई घसा फोडून सांगत होती, की ही पट्टी नुसत्या वेळेसाठी नाही. आत गेलेले आणि बाहेर आलेले आकडे जुळेपर्यंत होड्या पाण्यात राहतात, जुळले की परत येतात. आम्ही तेव्हा गॉगलच्या काचेला थुंकी लावत होतो. असल्या सूचना कोण मेलं ऐकतं!

गुडघाभर पाण्यात उभे असताना भावोजी म्हणाले, "ही पट्टी रुततेय गं. पायाला मुंग्या आल्यात."

"सैल करा."

"सैलच आहे. याच्या पुढे जात नाही."

मी वाकून बघितलं. पट्टीच्या वर आणि खाली मांस फुगून आलं होतं. दार उघडं असताना लिफ्ट हलवली, म्हणून ज्यांनी कामावरच्या जोडीदाराशी महिनाभर बोलणं टाकलं होतं, ते भावोजी पट्टी सोडून हातात घेऊन उभे होते. "ठेवू कुठे? खिसाही नाही."

"आणा इकडे," मी म्हटलं. माझी पट्टी डाव्या घोट्याला होती, त्यांची मी उजव्याला बांधली.

"सायकलपाशी दे परत. आठवणीने."

"तुम्हीच मागा आठवणीने."

भोंगा वाजला.

पहिल्या फुग्यापर्यंत मी त्यांच्या शेजारीच होते, देवाशप्पथ होते. वळण घ्यायला तिथे मोठाले नारिंगी फुगे बांधलेले होते, एकूण दोन. लाथा बसत होत्या, कोपरं लागत होती, पण दर चौथ्या हाताला मी मान वळवून त्यांची टोपी बघत होते. फुग्यापाशी ते थांबले. उभ्यानेच पाय मारत खोकायला लागले. ओठ निळसर दिसले मला. धुक्यामुळे असेल, मी मनाशी म्हटलं.

"होडी बोलावू?"

"काही नको. तू हो पुढे."

"वेडे आहात का?"

"अगं, हो पुढे! मी येतो सावकाश."

आता खरं सांगते. गेल्या वर्षी याच शर्यतीत मला पोहायला सत्तेचाळीस मिनिटं लागली होती. या वर्षी पंचेचाळीसच्या आत यायचंच, असं मी फ्रीजवर कागद लावून ठेवलं होतं, ताईला तर सांगून सांगून पिडलं होतं. मी घड्याळ बघितलं. सतरा मिनिटं झाली होती. जमण्यासारखं होतं. मी गेले. त्यांनी 'जा' म्हणायची मी वाटच बघत होते. एकदाच मागे बघितलं, तर पांढऱ्या टोप्याच टोप्या. खोकला मात्र ऐकू आला, मग पाण्यात तोंड घातल्यावर तोही ऐकू येईना.

चटईवर पाय पडला आणि पिक, पिक झालं. माझं लक्ष घड्याळात. एक्केचाळीस मिनिटं आणि वर थोडे सेकंद! मी चक्क किंचाळले आनंदाने, आणि नाचत नाचत सायकलींकडे पळाले.

आमचे नंबर लागोपाठचे, म्हणून सायकलीही शेजारी टांगलेल्या. त्यांच्या सायकलखाली बूट जोडीने ठेवलेले, टॉवेल लांबट घडी घातलेला. पट्टी द्यायची म्हणून मी थांबले. बूट घातले, हेल्मेट चढवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुठे रमला हा माणूस, म्हणून मनातल्या मनात चरफडले सुद्धा. आजूबाजूच्या सायकली एकेक करून जात होत्या. पंधरा मिनिटांनी आमच्या ओळीत दोनच उरल्या.

तेवढ्यात कर्ण्यावर ती बाई म्हणाली, "आपला शेवटचा स्पर्धक पाण्याबाहेर आलाय, जोरदार टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. होड्या काठाकडे निघाल्या. शेवटचा आला म्हणजे भावोजी आले असणार. पण मग त्यांची सायकल इथे कशी?

मी मोजणीच्या टेबलाकडे धावले. तिथल्या माणसाला नंबर सांगितला. त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "आलेत की. एक्केचाळीस मिनिटं, सोळा सेकंद. तुमच्याच सोबत आलेत. चारशे बारा आत, चारशे बारा बाहेर. काळजी नको."

मी माझ्या उजव्या पायाकडे बघितलं.

आणि नेमकं तेव्हाच कुंपणापलीकडून कुणीतरी मला घट्ट धरलं. ताई. हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी. "दोघांची एकच वेळ! सेकंदसुद्धा इकडचा तिकडे नाही! कशी सोबत आणलीस गं त्यांना, शब्द पाळलास बाई माझा." माझ्या ओल्या गालाचा तिने मुका घेतला. "गेले कुठून पण? मला दिसलेच नाहीत."

मी तिला मुका घेऊ दिला. दोन सेकंद असतील, चार असतील. त्या चार सेकंदांची मला आजही लाज वाटते. मग मी ओरडले, "माणूस आत आहे! होड्या परत सोडा!"

"बाई, मोजणी पूर्ण आहे," टेबलावरचा माणूस समजुतीने म्हणाला आणि पडदा माझ्याकडे वळवायला लागला. मी पाय उचलून त्याच्या टेबलावर ठेवला, मग दुसरा दाखवला. तो दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिला, आणि कागद सांडत पाण्याकडे पळत सुटला.

पहिल्या फुग्याच्या थोडं पुढे सापडले ते. काठावर आणलं, दोघांनी आळीपाळीने छाती दाबली, यंत्र लावलं. खूप वेळ चाललं होतं. ताई त्यांच्या डोक्यापाशी बसून टोपी काढायचा प्रयत्न करत होती, ती निघत नव्हती. शेवटी डॉक्टरांनी हात थांबवले. वही काढून विचारलं, "यांना शेवटचं कुणी बघितलं? केव्हा?"

मीच बोलायला हवं होतं. "मी. पहिल्या फुग्यापाशी. सतरा मिनिटं झाली होती."

ताईने मान वर केली. "सतरा. आणि तू एक्केचाळीसला बाहेर आलीस."

"हो."

मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण मी लहान असताना शाळेतले मार्क विचारायची ना, तशा आवाजात ती म्हणाली, "पंचेचाळीसच्या आत यायचं होतं ना तुला? आलीस."