मधली हाक

चिंचपाड्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला पाठ लावून बसलेल्या त्या पाड्यात इंटरनेट होतं, पण मोबाइलला रेंज नव्हती. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण त्यात नवल काही नाही. इंटरनेट आलं होतं जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, थेट ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत. तार डोंगराला वळसा घालून येऊ शकते. मोबाइलची लहर हवेतून येते, आणि वाटेत डोंगर उभा राहिला की बिचारी तिथेच अडते. जवळचा टॉवर टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, गुजरातेत. त्यामुळे टेकडीच्या माथ्यावर सादड्याच्या झाडाखाली गेलं की फोनला जाग यायची, आणि पहिला संदेश यायचा तो गुजरातमध्ये आपलं स्वागत असल्याचा.

सरकारी अर्ज मात्र कॉम्प्युटरवरच भरायचा, आणि भरणारा माणूस खरोखर तोच आहे ना, हे बघायला सरकार त्याच्या मोबाइलवर आकडे धाडतं. त्याला ओटीपी म्हणतात. ते आकडे थोड्याच वेळात शिळे होतात. कॉम्प्युटर खाली, आकडे वर. माथ्यावरून धावत उतरलं तरी खाली पोहोचेपर्यंत त्यांचा काही उपयोग उरत नाही.

म्हणून पाड्याने आपली रीत काढली होती. ज्याचा अर्ज, तो फोन घेऊन माथ्यावर जायचा आणि आकडे आले की ओरडायचा. माथ्यावरची हाक पंचायतीपर्यंत पोहोचत नसे, कारण मध्ये टेकडीचा एक खांदा आडवा होता आणि खाली नाल्याचा आवाज. त्या खांद्यावर पारुबाईचं नागलीचं शेत होतं. ती वरची हाक ऐकायची, खाली तोंड करायची आणि तोच आकडा पुन्हा द्यायची. चर्चमध्ये पहिलं गाणं उचलायला तिचाच आवाज लागे, इतका तो मोठा आणि स्वच्छ. लोक तिला टॉवरबाई म्हणत.

"भाभी, आज रेंज आहे का?" तिचा दीर इमॅन्युएल रोज सकाळी पंचायतीचं कुलूप काढायला जाताना विचारायचा. तिथला कॉम्प्युटर तोच चालवत असे.

"रिचार्ज केलंस तर आहे," पारुबाई म्हणायची. "चहापावडर संपलीय माझी."

तिला वाचता येत नव्हतं. आकडे मात्र तिने आजवर एकदाही चुकवले नव्हते. कोणाचे, कशाचे, हे ती विचारत नसे. दोन दिव्यांच्या मध्ये जी तार असते, तिला उजेड कशाचा ते कुठे ठाऊक असतं? आलेलं पुढे द्यायचं, एवढंच तिचं काम.

नवरा योहान गेल्यापासून घरात ती आणि तिची मुलगी प्रिस्किला. पोरगी बारावी झाली आणि तिचं नाव नंदुरबारच्या एका नर्सिंगच्या शाळेत लागलं. त्या यादीत पाड्यातल्या दोन मुली होत्या. प्रिस्किलाचं नाव निवडलेल्यांत शेवटचं, आणि तिच्या मागोमाग, थांबलेल्यांत पहिलं, इमॅन्युएलच्या एस्तेरचं. दोघी एका बाकावर शिकलेल्या. चार मार्कांचं अंतर.

जागा पक्की करायच्या दिवशी प्रिस्किला माथ्यावर गेली. तिच्याकडे बापाचा जुना बटणांचा फोन होता. त्याच्या इवल्याशा पडद्यावर संदेशाची पहिली ओळ दिसायची, बाकीचं वाचायला बटण दाबत खाली जावं लागे.

आकडे आले. तिने ओरडून सांगितले. पारुबाईने खाली दिले. पंचायतीच्या दारातून इमॅन्युएलने हात हलवला, म्हणजे झालं. पारुबाई पुन्हा निंदायला वाकणार, तोच तो पुन्हा बाहेर आला.

"भाभी, पोरीला थांबवा. अजून एक येतोय. पहिला नीट बसला नाही. लवकर सांगायला लावा, मशीन थांबत नाही."

पारुबाईने ते वर कळवलं. थोड्या वेळाने प्रिस्किलाची हाक आली, घाईची, एकेक आकडा तोडून. पाड्याची रीत आकडेच ओरडायची होती. आकड्यांखाली काय लिहिलंय ते कोणी वाचत बसत नसे, तेवढ्यात वेळ संपायचा. पारुबाई खाली वळली आणि आपल्या सगळ्या छातीने तिने तो आकडा दिला. त्या दिवशी तिचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा लागला होता.

संध्याकाळी तिने इमॅन्युएलच्या घरी कोंबडी पाठवली.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी मायलेकी पत्र्याची पेटी घेऊन नंदुरबारला गेल्या. खिडकीतल्या बाबूने नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं, परत टाकलं.

"ही जागा तर तुम्हीच सोडेल शे," तो अहिराणीत म्हणाला.

प्रिस्किलाला वाटलं, दुसऱ्याच कोणाचं नाव काढलंय. बाबूने पडदा तिच्याकडे फिरवला. जागा पक्की केल्याची नोंद होती, आणि त्याच दिवशी, थोड्याच वेळाने, ती सोडल्याची.

"मी नाही सोडली साहेब."

"हाऊ नंबर तुन्हाच शे ना? त्याच नंबरवर ओटीपी गया, आणि तोच आठे टाकेल शे. बरोबर टाकेल शे." तो माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "मशीनले माणूस कळत नही बहीण. ज्याना हातमा आकडा, तोच माणूस. आते जागा पुढली पोरले गयी."

पुढली पोर आत पांढऱ्या कपड्यांचं माप देत होती. दारातून तिने प्रिस्किलाला पाहिलं आणि हात केला. एस्तेरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. प्रिस्किला घाबरली, तिनेच जागा सोडली, असं तिच्या बापाने तिला सांगितलं होतं.

प्रिस्किलाने तिथेच फोन काढला. तो दुसरा संदेश अजून होता. बटण दाबत ती खाली गेली. इंग्रजीत सरळ लिहिलं होतं: प्रवेश रद्द करण्यासाठी हा आकडा वापरावा, कोणालाही सांगू नये. ते तिने आईला मराठीत वाचून दाखवलं. पारुबाई पेटीवर बसून राहिली.

घरी आल्यावर ती पंचायतीत गेली. दोन-चार माणसं बसली होती. इमॅन्युएलने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा भाभी."

"तू पोरीची जागा सोडलीस."

"मी?" तो शांत होता. "मी कसा सोडणार? आकडा माझ्याकडे होता का? पोरीने वरून सांगितला, तुम्ही मधून सांगितला, तेव्हा मला कळला." तो बसलेल्यांकडे वळला. "दलसिंगबाबा, तुम्ही त्या दिवशी नाल्यावर होता. ऐकलं ना?"

म्हातारा दलसिंग जमिनीकडे बघत म्हणाला, "ऐकलं. सगळ्या पाड्याने ऐकलं."

"तू सांगितलंस, पहिला बसला नाही."

"नव्हताच बसला. पोरीने संदेश वाचायचा होता की. बारावी शिकलेली आहे ना?" आणि मग समजावणीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं, "भाभी, गुपित हवेत फेकलं की ते सगळ्यांचं होतं. ओरडून सांगितलेल्या गोष्टीला धनी नसतो."

हे शेवटचं बोलणं खरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. पारुबाईने पदर सावरला आणि ती उठली. दारातून बाहेर पडताना मागून एक जण हलकेच म्हणाला, "टॉवर गरम झाला," आणि दुसरा हसला.

आठवडाभरात प्रिस्किला मुकादमाबरोबर बारडोलीकडे बांधकामावर गेली. जाताना ती आईशी फारसं बोलली नाही. आईनेच खाली हाक दिली होती, हे ती विसरू शकत नव्हती, आणि आपणच वरून ओरडलो, हेही.

पारुबाई शेतात जात राहिली. कोणी माथ्यावरून हाक दिली की खाली देत राहिली. कालीबाईचं रेशन, इंद्रसिंगच्या पोराचा दाखला. एकही आकडा चुकला नाही. इमॅन्युएलला वाटलं, मिटलं. सकाळी जाताना तो पुन्हा विचारू लागला, "भाभी, रेंज आहे का?" ती मान हलवायची.

मग एका दुपारी, सुट्टीला घरी आलेली एस्तेर धापा टाकत टेकडी चढत आली. कपड्यांचं माप देऊन झालं तरी पोरीची जागा अजून कॉम्प्युटरवर कायम व्हायची होती, आणि शाळेची साइट चार दिवस बंद पडलेली होती.

"काकी, आत्ताच सुरू झाली," ती शेताच्या बांधावर टेकून म्हणाली. "आणि आज पाचपर्यंतच आहे. नवापूरला जाऊन भरायला आता वेळ कुठला. माझी हाक नीट ऐकशील ना? मशीन तीनदाच विचारतं, चुकलं की उद्यापर्यंत बंद."

"ठाऊक आहे," पारुबाई म्हणाली. इमॅन्युएलला हे तिने लोकांवर कितीदा ओरडताना ऐकलं होतं.

एस्तेर जायला निघाली आणि वळली. "काकी, प्रिस्किलाने का सोडली गं? मला एकटीला तिथे करमायचं नाही."

पारुबाईने विळा मातीत रोवला. "जा. ऊन उतरायला लागलं."

माथ्यावरून पोरीची हाक आली, बारीक पण स्पष्ट, एकेक आकडा सुटा. पारुबाईने पुरता ऐकला. मग ती खाली वळली. शेवटचा आकडा तीन होता. तिने सात दिला, त्याच मोठ्या, स्वच्छ आवाजात.

खालून इमॅन्युएलने हात आडवा हलवला. चुकला. पुन्हा.

पारुबाईने वर कळवलं. नवे आकडे आले. या वेळी तिने मधला एक बदलला. वरची पोर वाऱ्याच्या पलीकडे होती, खाली तोंड करून दिलेलं तिला ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या वेळी इमॅन्युएल पंचायतीच्या दारातच उभा राहून ओरडला, "भाभी, नीट. नीट सांगा." त्याचा आवाज फाटला होता. पारुबाईने तिसऱ्यांदा खाली तोंड केलं. या वेळी तिने पहिलाच आकडा फिरवला. मशीन उद्यापर्यंत बंद झालं.

इमॅन्युएल टेकडी चढत आला तेव्हा एस्तेर वरून उतरत होती. तिघांची नागलीच्या शेतात गाठ पडली. पोर रडत होती. खाली आलेले आकडे इमॅन्युएलने म्हणून दाखवले, पहिल्या वेळच्या शेवटी सात.

"काकी, मी शेवटी तीन सांगितला होता ना? पहिल्या वेळी? तीनच होता."

"नाही पोरी," पारुबाई म्हणाली. "सात म्हणालीस तू. मी ऐकलं तेच दिलं."

"पण फोनवर..." तिने फोन पुढे धरला.

इमॅन्युएलने तो घेतला. संदेश वाचला, एकदा, दोनदा. मग त्याने भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. त्याला सगळं कळलं, आणि तिला ते दिसलं. आता तो बोलेल, तिने आकडा फिरवला म्हणेल, आणि मग लोक विचारतील, का फिरवला? एवढ्या वर्षांत एकदाही न चुकलेली बाई आजच का चुकली?

तो पोरीकडे वळला.

"डोळे फुटले होते का तुझे?" तो म्हणाला, आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली.

एस्तेर खाली बसली. तिचा ओठ फुटला होता. "मी चुकीचं वाचलं," ती गुडघ्यांत डोकं घालून म्हणू लागली. "काकी, माझंच चुकलं. मी चुकीचं वाचलं."

पारुबाईला तिच्या डोक्यावर हात ठेवता आला असता. ते डोकं हाताच्या अंतरावर होतं.

पाच वाजून गेले. जागा यादीतल्या पुढच्या मुलीकडे गेली, शहाद्याकडच्या कुठल्याशा. तिला या पाड्याचं नावही माहीत नव्हतं. बापलेक उतार उतरून गेले. पारुबाईने विळा उचलला, राहिलेली ओळ निंदून काढली आणि अंधार पडायच्या आत घरी जाऊन एकटीपुरती भाकरी थापली.